उजेड मागे ठेवणारा

काका कुणाशीही बोलायला लागले की आधी त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवायचे. ऊन त्याच्या पाठीमागे आलं की म्हणायचे, "हं, बोला आता." समोरच्याला बरं वाटायचं, कारण त्याच्या डोळ्यांवर ऊन येत नसे. काकांचे डोळे मात्र कायम बारीक झालेले आणि कडांना पाणी. मी त्यांच्या फोटो स्टुडिओत नोकरी मागायला गेले त्या दिवशी मलाही त्यांनी दारातच फिरवलं, मिनिटभर नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "कान चांगले आहेत. उजेड आरपार जातो." अडतीस वर्षांत माझ्या कानांबद्दल कुणी चांगलं-वाईट काही बोललं नव्हतं. मुलाखत तेवढीच झाली.

स्टुडिओ वसई गावात, बाजाराच्या तोंडाशी. काका राहायला गिरीजला, स्वतःच्या वाडीत. सकाळी स्कूटरवरून यायचे ते पायाशी केळीचं एक कोवळं पान गुंडाळून घेऊन. ग्राहकांना वाटायचं, घरी पूजा असेल. ते पान भिंगासाठी असायचं. समोरून ऊन भिंगात शिरायला लागलं की एका हाताने पानाची सावली धरायची आणि दुसऱ्या हाताने फोटो काढायचा. मी एकदा भिंगाला सावली धरणारं, ऑनलाइन मिळणारं प्लास्टिकचं टोपण त्यांना आणून दिलं. ते त्यांनी खिळे ठेवायला वापरलं.

मी नायगावच्या टॉवरमधली. मुंबईत जाहिरातींचे फोटो दुरुस्त करायची नोकरी होती, ती सुटली आणि घराजवळ काहीतरी हवं म्हणून इथे आले. आमच्या धंद्यातला पहिला धडा पोरंसोरंही सांगतील: सूर्य आपल्या पाठीशी, उजेड माणसाच्या तोंडावर. काकांनाही तो ठाऊक होता. "सूर्याला पाठ दाखवून काम करायला आपण काय चोर आहोत?" असं ते विचारायचे, आणि नवरीला दारात, खिडकीत, झाडांच्या फटीत, जिथे म्हणून मागून ऊन येईल तिथे उभी करायचे. मग फोटोत काय यायचं? केसांची सोनेरी कड, अंतरपाटातून दिसणारी बोटं, उडालेल्या अक्षतांतला एकेक दाणा. होळीच्या बाजारात अळूची पानं विकणाऱ्या एका म्हातारीचा त्यांनी काढलेला फोटो आमच्या काचेत लावलेला होता. पानांच्या शिरा न् शिरा पेटलेल्या आणि म्हातारी काळीकुट्ट. बघत राहावं असा फोटो. पण म्हातारीच्या सुनेने तो पाहून विचारलं होतं, "ही आमची कशावरून?"

हाच प्रश्न आम्हाला दर लग्नसराईत यायचा. "काका, एवढा शालू घेतला, तो दिसतोय कुठे?" "शालू दुकानात दिसतो," काका म्हणायचे. "निदान तोंड तरी." "तोंड आरसापण दाखवतो." मी मधे पडून हसायचे, चहा मागवायचे, घाम पुसायचे. लग्नाच्या तारखेला मी सकाळपासून काकांची बॅग तीनतीनदा तपासायचे. लग्न काही परत लागत नाही. आमच्या माणसाला मात्र त्याची भीती म्हणून नव्हती.

पोटासाठी ते पासपोर्टचे फोटोही काढायचे. पांढऱ्या पडद्याचा तो कोपरा, त्याला ते सरकारी कोपरा म्हणत. तिथे तोंडावर सपाट उजेड, दोन्ही कान मोकळे, हसायचं नाही. तेवढा वेळ काका एक शब्द बोलत नसत, आणि गिऱ्हाईक गेलं की मोरीत जाऊन हात धुवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस स्वच्छतेचा आहे.

पण मला सगळ्यांत घाबरवणारी सवय वेगळी होती. तिला ते कार्ड धुणं म्हणत. लग्नाहून आले की दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यातली कार्डं माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायची, त्यांनी शेजारी बसून निवड करायची आणि निवडलेले फोटो सोडून बाकी सगळं तिथल्या तिथे पुसून टाकायचं. निवडलेल्यांचीसुद्धा मूळ फाईल, जिच्यातून अंधारातलंही वर काढता येतं, ती ठेवायची नाही. त्यांच्या हिशेबाने पक्का केलेला फोटो तेवढा राहणार. कारण विचारलं तर म्हणाले, "लोक विश्वासाने समोर उभे राहतात. त्यांची तोंडं कपाटात कोंबून आपण काय करायचं?" एकदा एका नवरीच्या आजीचा एकुलता एक फोटो असाच धुतला गेला. दोन दिवस त्या घरची माणसं दुकानात येऊन बसत होती. काका त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते. शिव्या मी खाल्ल्या.

त्यानंतर मी चोरून कॉपी ठेवायला लागले. कार्ड उतरवताना काका चहाला बाहेर जात, तेवढ्यात सगळं दुसऱ्या एका फोल्डरमध्ये टाकायचं. फोल्डरला नाव दिलं 'अँटीव्हायरस', म्हणजे काका त्याच्या वाटेला जाणार नाहीत. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट या वेड्या माणसाचा धंदा आपणच सांभाळतोय असं वाटायचं.

गिरीजमधलं ते लग्न गेल्या वैशाखातलं. मुलीचे वडील वाडीवाले, काकांचे शाळेपासूनचे सोबती. दोघे भेटले की आपल्या घरच्या बोलीत बोलत, त्यातलं मला अर्धं कळायचं. मुलगी नर्स, वसईतच एका खासगी दवाखान्यात. लग्न वाडीतच, नारळीखाली मांडव घालून. आमचा मदतनीस तापाने पडला म्हणून काकांनी मला बरोबर घेतलं. स्टेजवरचे फोटो माझ्याकडे, बाकी सगळं त्यांच्याकडे.

नवरीच्या वडिलांना डोळे आले होते. आठवडाभर काळा चष्मा लावून फिरत होते. कुणी जवळ गेलं की हात पुढे करून थांबवायचे, "लांब राहा बाबांनो, लागण होईल." पोरं त्यांना हिरो म्हणून चिडवत होती, तेही मान हलवून हसत होते. मुलगी त्यांच्यावर वैतागली होती. ड्रॉप्स तिने स्वतः आणून दिले होते, पण ते घालूसुद्धा देत नव्हते. "लाल डोळ्यांनी बोहल्यावर चढायचंय का तुला?" एवढंच म्हणायचे.

संध्याकाळी पाठवणीची वेळ आली. वाडीच्या मागे त्यांचं बावखल आहे, म्हणजे वाडीला पाणी द्यायचं जुनं तळं. सूर्य खाली आला होता आणि पाणी इतकं चमकत होतं की तिकडे बघवत नव्हतं. काकांनी आपल्या मित्राला खांद्याला धरून नेलं आणि पाण्याकडे पाठ करून उभं केलं. मी सवयीने बाजूला सरकले, फ्लॅश लावला, कॅमेरा वर घेतला. निदान एक फोटो सरळ असावा म्हणून.

"कॅमेरा खाली," काका म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, नेहमीचंच.

"मॅडम, कॅमेरा खाली ठेवा." मॅडम म्हणाले की ते खरंच चिडलेले असायचे. त्यांचा आवाज चार माणसांनी ऐकला. मी कॅमेरा खाली केला, पण कान तापले माझे. मग ते मित्राकडे वळून हळूच म्हणाले, "काढ आता." वडिलांनी चष्मा काढला. मुलगी आली ती सरळ त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागली. ते तिच्या केसांवर हनुवटी टेकवून समोर बघत राहिले. काकांनी तीन फोटो काढले, पान फेकून दिलं आणि म्हणाले, "घाल." वडिलांनी चष्मा घातला. मुलीने मान वर केली तेव्हा तिला पुन्हा काळा चष्माच दिसला असणार.

दुसऱ्या दिवशी रोज नऊला येणारा माणूस साडेसातला शटरपाशी उभा होता. लग्नातले फोटो निवडले, बावखलापाशी काढलेल्या तिघांतला एकच ठेवला, तो पक्का केला आणि कार्ड स्वतःच्या हाताने धुतलं. पण कॅमेऱ्यांची बॅग रात्री दुकानातच ठेवलेली, मी साडेसातच्या आधीच आले होते, आणि कॉपी झालेली होती.

लग्नानंतर सहाव्या दिवशी मुलीच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं. कावीळ. लग्नाच्या धावपळीत कुठलं तरी पाणी बाधलं असं सगळे म्हणत होते. दोन आठवड्यांत ते गेले. काका तिन्हीसांजेला स्मशानातून आले, दुकान उघडलं आणि दिवा न लावता बसून राहिले.

पाचव्या दिवशी मुलीचे मामा आले. तेराव्याला लावायला फोटो हवा होता. घरात होते ते एक तर आधार कार्डावरचे, नाही तर तरुणपणचे मिशीवाले. लग्नातल्या सगळ्या फोटोंत काळा चष्मा. चष्मा नसलेला एकच, बावखलापाशी काढलेला. मामांनी तो छापलेला फोटो काउंटरवर ठेवला. बाप-लेकीभोवती उजेडाची रेघ, आणि बापाच्या तोंडाच्या जागी अंधार.

"याचं तोंड उजळून द्या."

"जमायचं नाही," काका म्हणाले.

"कॉम्प्युटरवर सगळं जमतं. माझा पोरगा मोबाईलवर करतो."

"मूळ फाईल नाही. धुतली."

मामांनी फोटो उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला. "माझी बहीण तिकडे भिंतीकडे बघत बसलीय. तिला नवऱ्याचं तोंड हवंय, तुमची कला नकोय. मित्र म्हणवता ना त्याचे? त्याला मेल्यावरसुद्धा काळा करून ठेवलात."

मामा जाताना दारात तेच चार माणसांना ऐकू जाईल असं बोलले, आणि पुढच्या दोन दिवसांत ते गावच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. पुढच्या महिन्यातली दोन लग्नं गेली. मी काकांना म्हटलं, निदान वाईट वाटतंय असं तरी सांगा त्यांना. ते म्हणाले, "तू आल्बम बघ." मला त्यांचा इतका राग आला की मी दुपारचा डबा न खाता परत नेला.

त्याच संध्याकाळी मुलीचा मला फोन आला. आधी फोटोचं विचारलं. मग म्हणाली, "ताई, लग्नाच्या दिवशी बाबा बरे होते ना? तुम्ही समोर होतात." मी म्हटलं, "हो, हसत होते की." "डॉक्टर म्हणतात, हे जुनं असणार. मी रोज पेशंटचे डोळे चेक करते, आणि माझ्याच घरात मला कळलं नाही, असं होईल का? तो फोटो नीट दिसला तर मला एकदा बघायचंय. म्हणजे डोक्यातून जाईल."

मी फोन ठेवला आणि 'अँटीव्हायरस' उघडलं. अंधार थोडा थोडा उजळत गेले तसा चेहरा वर आला. गाल बसलेले, ओठांवर किंचित हसू. एवढं सुंदर बघणं मी कुठल्याच नवरीच्या बापाचं पाहिलं नव्हतं. डोळे जरा पिवळट वाटले. पण संध्याकाळचं ऊन, मागे ते पाणी, समोर हळदीच्या अंगाची मुलगी. आमच्या धंद्यात पिवळं दिसलं की आम्ही आधी उन्हालाच दोष देतो. रंग नंतर बघू म्हटलं आणि तसाच तिला पाठवून दिला. मनातून मी फार खूश होते. काकांना जे जमलं नाही ते मी केलं होतं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं नाही. रात्री नाही, सकाळीही नाही. मी दहा वेळा फोन बघितला असेल. शेवटी काका आल्यावर त्यांना सगळं सांगून टाकलं, चोरीच्या फोल्डरसकट. ते ओरडतील म्हणून मी उभीच राहिले होते.

त्यांनी फक्त विचारलं, "डोळे दिसतात?"

"दिसतात."

"कसे?"

"जरा पिवळट. उन्हाने."

काकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले. "मी धुतलं होतं गं," ते म्हणाले. मग सावकाश सांगायला लागले. लग्नाच्या अठरा दिवस आधी मित्र त्यांच्याकडे रिपोर्ट घेऊन आला होता. यकृत गेलेलं. डॉक्टर म्हणाले, उद्याच भरती व्हा, पण खात्री कसलीच देत नव्हते. "भरती झाला असता तर पोरगी लग्न पुढे ढकलून त्याच्या उशाशी बसली असती. आणि मधेच गेला असता तर वर्षभर त्या घरात कार्य नाही. त्याला ते नको होतं. डोळ्यांचं सोंग त्याचंच. मला म्हणाला, एक दिवस सांभाळ. फोटोत कधी कळता कामा नये. तू तसाही सगळ्यांना काळं करतोस, मला केलंस तर कुणाला शंका येणार नाही."

"मग तो फोटो काढलात कशाला?"

"एकदा तरी चष्म्याशिवाय पोरीला बघायचं होतं त्याला. त्याने मागितलं."

मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. आधी वाटलं, हे मला आधी सांगायला काय झालं होतं. मग ती मुलगी आठवली. कालपासून ती त्या फोटोसमोर एकटी बसली असणार, आणि तो मी पाठवला होता.

बाहेर स्कूटर थांबली. अर्ध्या शटरखालून वाकून ती आत आली. साधा ड्रेस, केस नुसते बांधलेले, डोळे सुजलेले. तिने मोबाईल काउंटरवर ठेवला. फोटो मोठा केलेला होता, नुसते डोळेच दिसत होते.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

काका उठले. मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे होय," ते म्हणाले. "रंग चुकला माझा. ऊन समोरून घेतलं ना, सगळं पिवळं पडतं. इतकी वर्षं लोक सांगतायत, असा फोटो काढू नये. माझं चुकलं, बाय." चार वर्षांत त्यांच्या तोंडून माझं चुकलं हे शब्द मी ऐकले नव्हते. मग ते माझ्याकडे वळले. "ही कॉम्प्युटरवाली आहे. हिला विचार."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. संध्याकाळच्या उन्हात असं होतं. मी दुरुस्त करायचं विसरले."

ती पुन्हा मोबाईलकडे बघायला लागली. बोटांनी फोटो थोडा खाली सरकवला. "शर्ट पांढरा आहे," ती म्हणाली.

मी पाहिलं. शर्ट खरंच पांढरा होता, धुतलेल्या कपड्यासारखा. उन्हाने पिवळं केलं असतं तर आधी शर्ट पिवळा झाला असता. हे मला काल दिसायला हवं होतं. काका काउंटरवर हात टेकून उभे होते. बाहेर कुणीतरी पासपोर्टचे फोटो मिळतील का म्हणून विचारलं, आणि काकांनी 'उद्या या' म्हणून परत पाठवलं.

मग ती काउंटरच्या आत आली, खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. "आईला हाच फोटो लावायचाय," ती म्हणाली. "ती रोज त्याच्यासमोर दिवा लावणार. ताई, डोळे पांढरे करून द्या."

मी फाईल उघडली. आधी डावा डोळा घेतला, मग उजवा. कोपऱ्यातला पिवळा सहज निघत नाही, तो कण कण काढावा लागतो. काका दाराकडे तोंड करून उभे राहिले. ती एकदाही स्क्रीनवरून नजर काढत नव्हती.

"झालं?" मी विचारलं.

ती पुढे वाकली आणि दोन्ही डोळे नीट तपासले.

"अजून थोडे," ती म्हणाली. "आई जवळून बघते."